सावधपणाची पुस्तके

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. स्वतःच्या आणि घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी काय करावे, असे कोणी विचारले तर आपण कुलूप सांगू, कुत्रा सांगू, काठी सांगू. सोलापूरच्या नवी पेठेत सणाच्या दिवसांत एक फेरी मारली, म्हणजे याचा बंदोबस्त डोळ्यांनी दिसतो. दुकानांना लोखंडी शटर आहेत, गल्ल्यावर कॅमेरे आहेत, आणि गर्दीत शिरणारा खेडूत एक हात खिशावर ठेवूनच चालतो. हा बंदोबस्त हवाच. पण संकट येण्याआधी ते ओळखावे कसे, हे कुलूप सांगत नाही आणि कॅमेराही सांगत नाही. ते शिकावे लागते. आणि ते शिकवणारी पुस्तके आपल्या मराठीत व मराठी मुलखाविषयी लिहिलेल्या वाङ्‌मयात पुष्कळ आहेत. त्यांतील निवडक पुस्तकांची ओळख करून द्यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

आरंभी शब्दाचा अर्थ नीट लावू. सावध असणे म्हणजे भ्यालेले असणे नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात कार्यकर्त्याने काय काय करावे याचा क्रम लावला आहे. त्यात हरिकथेचा मान पहिला, राजकारण दुसरे आणि सर्व बाबतींत सावधपण हे तिसरे. त्यानंतर साक्षेप, म्हणजे नेटाचा उद्योग. पाहा, सावधपण हे उद्योगाच्या शेजारी बसवले आहे. भ्यालेला माणूस उद्योग टाकून घरात बसतो; सावध माणूस डोळे उघडे ठेवून आपले काम करीत राहतो. हा भेद मनात ठेवला, तर पुढची पुस्तके वाचणे सोपे जाईल.

पहिले वाचन अगदी छोटे आहे; ते एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७३-७४ च्या काळात, शिवाजी महाराजांचे लष्कर चिपळूणच्या बाजूला छावणीला होते. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांच्या आज्ञेने गेलेले हे पत्र आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या ताकिदीसाठी हे पत्र प्रसिद्ध आहे, आणि शाळेत आपण तेवढेच सांगतो. पण त्याच पत्रात आणखी एक भाग आहे. पागेजवळ वाळल्या गवताच्या गंजी आहेत, उन्हाचे दिवस आहेत, वारा सुटलेला आहे. अशा वेळी कोणी शेकोटी पेटवील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणाला आग लागली की सारी छावणी जळेल, अशी समज महाराजांनी दिली आहे.

आगीविषयीच्या या भागात शत्रूचे नाव कोठेही नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मोगल आणि आदिलशाही यांच्याशी झुंजणारा राजा उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो. शिक्षकांनी हे पत्र वर्गात वाचावे, आणि मुलांना विचारावे, तुमच्या घरात ही वात कोठे आहे? कडबा कोठे रचला आहे, विजेची उघडी तार कोठे लोंबते, विहिरीला कठडा आहे का, औषध फवारणीचा डबा कोठे ठेवला आहे? मुले भराभर उत्तरे देतील. हाच सावधपणाचा पहिला धडा. धोका बहुधा मोठ्या वेषात येत नाही. तो रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून दिसत नाही.

दुसरे पुस्तक रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. ते १७१५ च्या सुमाराचे. पंतांनी थोरल्या महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंतचा काळ पाहिला होता. राज्य कसे मिळते आणि कसे जाते, हे स्वतः अनुभवलेल्या माणसाने मागच्यांसाठी लिहून ठेवलेले हे शहाणपण आहे. किल्ल्यांचे प्रकरण वाचा. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, असे पंत सांगतात; दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. हे वाचताना आपण आपल्या शाळेचा विचार करावा, लग्नाच्या मांडवाचा करावा, जत्रेच्या मंडपाचा करावा. आत शिरायची वाट प्रत्येकाला ठाऊक असते; बाहेर पडायची दुसरी वाट किती जण पाहून ठेवतात?

त्याच आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्याविषयी लिहिलेला भाग आहे. हे लोक सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या मागे यांचे राजे उभे आहेत, आणि शिरकाव करून मुलूख घ्यावा हा त्यांचा हेतू, असे पंतांनी ओळखले. प्लासीची लढाई १७५७ साली झाली. म्हणजे त्याच्या चाळीस वर्षे आधी हे लिहिले गेले. पंतांनी व्यापार बंद करा असे सांगितले नाही. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी खाडीच्या तोंडाशी त्यांना जागा देऊ नये, असे सांगितले. माणसाच्या पोशाखावरून किंवा गोड बोलण्यावरून नव्हे, तर तो काय मागतो आणि कोठे जागा मागतो यावरून त्याचा हेतू ओळखावा, हे यातले मर्म. पाव्हण्याला ओसरी द्यावी, पण किल्ल्या देऊ नयेत, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

तिसरे पुस्तक सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती राजाराम महाराजांच्या आज्ञेने, सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली. तिच्यातील अफजलखानाचे प्रकरण, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाखालची भेट, कोणाला ठाऊक नाही? पोवाड्यांतून आपण वाघनखे आणि बिचवा लक्षात ठेवतो. माझी विनंती अशी की, बखर वाचताना वाघनखांच्या आधीची पाने सावकाश वाचावीत. खानाकडून गोड निरोप आला, तेव्हा महाराजांनी त्यावर एकदम विश्वास ठेवला नाही आणि एकदम अविश्वासही दाखवला नाही. पंताजी गोपीनाथांना पाठवून खानाच्या मनात खरोखर काय आहे याचा शोध घेतला. भेटीची जागा आपण ठरवली. बरोबर कोणी यायचे, किती अंतरावर उभे राहायचे, हे आधी ठरले. खानाजवळ सय्यद बंडा हा पटाईत उभा दिसला, तेव्हा तो दूर होईपर्यंत महाराज पुढे गेले नाहीत. जिवा महाला जवळ होता. हत्यार चालवण्याची वेळ आली ती सर्वांत शेवटी, क्षणभर. त्याआधी कित्येक दिवस माहिती काढणे, जागा पारखणे आणि अटी घालणे चालले होते. त्या क्षणाचे यश या दिवसांत तयार झाले होते.

आता याच्या उलट बाजूचे एक प्रकरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. पण साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या दिवसाची एक साधी हकीकत आहे. त्या दिवशी सकाळीच गारद्यांमध्ये काही हालचाल आहे अशी कुणकुण नारायणरावांना लागली होती, आणि बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितले होते. हरिपंतांनी होकार दिला आणि ते जेवणास गेले. दुपारी गारदी वाड्यात शिरले.

हरिपंत फडके हे पुढे मराठ्यांचे थोर सेनापती झाले. ते फितूर नव्हते आणि आळशीही नव्हते. म्हणूनच हा प्रसंग वाचण्यासारखा आहे. धोक्याची बातमी आली होती, ती योग्य माणसापर्यंत पोहोचली होती, त्या माणसाने ती खरीही मानली होती. फक्त ‘जेवण झाल्यावर पाहू’ एवढे मध्ये आले. लोकांनी ‘ध’चा ‘मा’ लक्षात ठेवला, कारण त्यात कारस्थान आहे. जेवणाची गोष्ट कोणी लक्षात ठेवली नाही, कारण ती आपल्या सर्वांच्या घरची आहे. गॅसचा वास येतो आहे, सकाळी पाहू. पोरगी सांगते आहे की वाटेत कोणी तरी रोज मागे येतो, रविवारी पाहू. असे ‘पाहू’ आपण किती वेळा म्हणतो, ते ज्याने त्याने मोजावे.

येथवर आपण छावणी पाहिली, किल्ला पाहिला आणि वाडा पाहिला. पण सामान्य माणसाला ना किल्ला, ना वाडा. त्याच्यापुढे असतो तो रस्ता. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी यात्रेला, व्यापाराला किंवा लेकीच्या सासरी निघालेला माणूस घरी परत येईल की नाही याची शाश्वती नसे. या रस्त्यावरच्या धोक्याचे सर्वांत गाजलेले पुस्तक लिहिणारा लेखक आपल्या सोलापूरच्या शेजारी राहून गेला आहे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की बोरी नदीकाठी नळदुर्गचा किल्ला लागतो. हा टेलर १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्याआधी तरुणपणी निजामाच्या चाकरीत असताना त्याने ठगांची चौकशी केली होती, त्यांच्या कबुल्या ऐकल्या होत्या. त्यावरून त्याने अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी १८३९ साली लंडनला प्रसिद्ध केली. त्याआधी तीन वर्षे, १८३६ साली, ठगांचा पाठलाग करणारा अधिकारी स्लीमन याने त्यांच्या गुप्त बोलीचा कोशही छापला होता. याच नळदुर्ग-तुळजापूरच्या भागावर टेलरने पुढे ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, ती १८६३ सालची.

ठगांची रीत काय होती? ते दरोडेखोरासारखे अंगावर धावून येत नसत. वेष सभ्य प्रवाशाचा, बोलणे आर्जवी. त्यांच्यात एक खास माणूस असे. त्याला त्यांच्या बोलीत ‘सोठा’ म्हणत. गोड बोलून प्रवाशाला सोबत घेणे हे त्याचे काम. तो काय म्हणे? ‘अहो, हा रस्ता फार वाईट. ठग फिरतात. तुम्ही एकटे जाऊ नका, आमच्याबरोबर चला.’ पाहा, ठगच ठगांपासून सावध करीत असे! मग चार-आठ दिवस एकत्र चालणे, एकत्र चिलीम ओढणे, सुखदुःख बोलणे. आणि आधीच हेरून ठेवलेल्या जागी मुक्काम पडला, की ‘तंबाखू आणा’ असे काही तरी साधे वाक्य कोणी उच्चारी. ती ‘झिरनी’, म्हणजे खूण. क्षणात रुमालाचा फास गळ्याभोवती पडे.

यातून धडा कोणता घ्यायचा? अनोळखी माणसाशी बोलूच नये असा नव्हे. तसे केले तर जग चालणार नाही. ठगाच्या वागण्यात तीन खुणा होत्या. तो आधी भीती घाली. मग त्या भीतीवर आपणच उपाय आहोत असे सांगे. आणि हळूहळू प्रवाशाला त्याच्या माणसांपासून व हमरस्त्यापासून दूर नेई. भीती, भरवसा आणि एकटेपणा, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून येऊ लागल्या, की समजावे, येथे थांबले पाहिजे.

याच्या जोडीला विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचा हा भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेस निघाला आणि नेमका बंडाच्या आगीत सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. एकदा नव्हे, अनेकदा लुटला गेला. मिळवलेले द्रव्य गेले. पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन माणूस जिवंत घरी आला. पुढे १८८३ च्या सुमारास त्याने हे सारे आठवून लिहिले, आणि १९०७ साली ते पुस्तकरूपाने निघाले. या दोघांजवळ ना शस्त्र होते, ना सैन्य. होते काय? वाटेत भेटेल त्याला पुढच्या मुलखाची खबर विचारण्याची सवय, प्रसंगी मुक्काम लांबवण्याची तयारी, आणि माल गेला तरी जीव राखण्याची अक्कल. साध्या माणसाला यापेक्षा उपयोगी पुस्तक मला तरी ठाऊक नाही.

आता माझ्या भाषणाचा जो भाग मला सर्वांत अगत्याचा वाटतो, तिकडे वळतो. धोक्याविषयीची पुस्तके स्वतःही सावधपणेच वाचावी लागतात. ठगांच्या बऱ्याचशा हकीकती माफीच्या साक्षीदारांनी सांगितलेल्या आहेत. आपला फाशीचा दोर चुकवायचा असेल, तर साहेबाला हवे ते सांगावे लागते, हे त्यांना कळत होते. टेलरचे पुस्तक तर कादंबरीच आहे. म्हणून अलीकडच्या इतिहासकारांनी हा प्रश्न पुन्हा तपासला. रस्त्यावर खून होत होते, यात शंका नाही. पण साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला जन्मजात खुन्यांचा एक पंथ होता, हे चित्र बरेचसे फुगवलेले आहे, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात.

हे चित्र कागदावर राहिले असते तर निराळे. पण ‘काही जाती जन्मतःच गुन्हेगार असतात’ ही समजूत सरकारच्या डोक्यात बसली, आणि १८७१ साली तिचा कायदा झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा तो हाच. १९११ साली तो नव्याने करून मुंबई इलाख्यालाही लागू केला. ज्या जमातीचे नाव यादीत आले, तिच्यात जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित झाले. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. आपल्या सोलापुरातच अशी एक वसाहत होती. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींच्या कुटुंबांना काटेरी तारेच्या आत ठेवले होते, आणि त्यांतील कितीतरी हात गिरण्यांतून राबत होते. शहरातील त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या.

कायदा गेला, तरी नजर गेली नाही. ती नजर काय असते हे समजण्यासाठी दोन पुस्तके प्रत्येक शिक्षकाने वाचावीत. एक, लक्ष्मण माने यांचे १९८० साली आलेले ‘उपरा’. दुसरे, लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ चे ‘उचल्या’. दोन्ही साहित्य अकादमीने गौरवलेली आहेत. सावधपणाच्या यादीत ही पुस्तके कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपण ज्याला धोका समजतो त्या माणसाला आपण स्वतः केवढा मोठा धोका असतो, हे या पुस्तकांखेरीज कळत नाही.

हे जुन्या काळचे बोलणे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ही माणसे बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप आणि चित्रफिती त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. परका वेष दिसला, संशय आला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ती पाच माणसे मारली गेली. मारणाऱ्यांतील कितीतरी जणांना त्या क्षणी आपण मुलांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत असेल. शोध कोणी घेतला? ‘तुम्ही कोठले, कोणाला ओळखता’ एवढे विचारून मंगळवेढ्याला एक फोन कोणी केला? पंताजी गोपीनाथांना पाठवून खानाच्या मनाचा ठाव घेणाऱ्या राजाचे नाव आपण रोज घेतो. आणि पाच गरिबांच्या जिवासाठी एक फोन होऊ नये?

आता याची दुसरी बाजू पाहा. ज्या काळात फाटक्या वेषातील भिक्षेकऱ्याला आपण चोर समजतो, त्याच काळात खाकी गणवेषातील चोराला आपण पोलीस समजतो. फोन वाजतो. पडद्यावर अधिकारी दिसतो, मागे सरकारी कचेरीसारखी भिंत दिसते. ‘तुमच्या नावाने पार्सल पकडले आहे, तुमच्या खात्यातून गुन्ह्याचा पैसा फिरला आहे. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, पैसे या खात्यात भरा.’ निवृत्त शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, शिकलीसवरलेली माणसे आयुष्याची पुंजी अशी घालवून बसली आहेत. अमीर अलीची रीत आठवा. आधी भीती, मग आपणच उपाय असल्याचा भरवसा, आणि शेवटी एकटेपणा. रुमालाच्या जागी फोन आला, एवढाच फरक.

आपल्या देशाच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ अशी वस्तूच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले, आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा क्रम दिला. पैसे गेलेच तर घरी लपवून ठेवू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. येथे हरिपंतांचे जेवण विसरू नका. आणि गावात कोणी परका संशयास्पद वाटला, तर ११२ हा क्रमांक आहे. आपण पोलिसांना बोलवावे; न्यायनिवाडा चौकात करू नये.

राईनपाड्याचा जमाव आणि फोनवर फसलेला शिक्षक, दोघांची चूक एकच झाली. दोघांनी वेष पाहिला, वागणे पाहिले नाही. एकाने गरीब वेष पाहून जीव घेतला, दुसऱ्याने अधिकाऱ्याचा वेष पाहून पुंजी दिली. आजच्या माझ्या सर्व पुस्तकांचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की सावध माणूस जात, वेष आणि बोली यांवर थांबत नाही. समोरचा काय करतो, काय मागतो आणि घाई कशाची करतो, एवढेच तो पाहतो.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सूचना करतो. ही पुस्तके वाचा म्हणून मुलांना नुसते सांगू नका. गावच्या वाचनालयात त्यांतली जी मिळतील ती आणा, आणि महिन्यातून एक दिवस शाळेत मोठ्याने वाचा. आईबापांनाही बोलवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता तर येते. छावणीचे पत्र वाचले की घरातली वात शोधायला लावा. आज्ञापत्र वाचले की शाळेच्या बाहेर पडायच्या वाटा मोजायला लावा. ठगाची गोष्ट सांगितली की फोनवरच्या ठगाचे सोंग मुलांकडूनच वर्गात करून घ्या. आणि ‘उपरा’ किंवा ‘उचल्या’तले एखादे प्रकरण वाचून झाले, की गावाबाहेर पाल टाकून उतरलेल्या कुटुंबाकडे मुलांना बरोबर घेऊन जा, त्यांचे गाव कोणते, नाव काय, ते विचारा. नाव कळलेल्या माणसाविषयी अफवा पसरायला वेळ लागतो. एवढा वेळ मिळाला तरी एखाद्याचा जीव वाचेल.